पोहता येते म्हणता, पण किती वेळ?

नेहमी या जागी मी बीजप्रक्रिया, हुमणी, ठिबकची निगा असल्या विषयांवर लिहितो. आज थोडे वेगळे लिहिणार आहे. विषय पोहण्याचा आहे. तुम्ही म्हणाल, साहेबांना काय झाले, आम्हाला पोहायला शिकवायला निघाले! आमची पोरे चालायला लागली की विहिरीत पडतात. खरे आहे. मीही तसाच शिकलेला. पाठीला वाळका भोपळा बांधून चुलत्यांनी आठव्या वर्षी विहिरीत ढकलून दिले, गटांगळ्या खाल्ल्या, नाकातोंडात पाणी गेले आणि चार दिवसांत हातपाय मारायला लागलो. पुढे मुटके मारले, सूर मारले, तळाची माती वर काढून दाखवली. कोणी विचारले की छाती पुढे काढून सांगायचो, ‘पोहता येतं.’

वयाच्या चौतिसाव्या वर्षी एका शेततळ्याने या उत्तराची किंमत दाखवली.

डिसेंबरातली गोष्ट. द्राक्षबागेच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याचे शेततळे. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, आत प्लास्टिकचे अस्तर, तळे काठोकाठ भरलेले. मी काठावर वाकून कागदाची सुरनळी आवळत फोटो काढत होतो. पायाखालची माती ओली होती. बुटासह घसरलो तो थेट पाण्यात. घाबरलो नाही, हसूच आले. म्हटले, दोन हात मारले की काठ. दोन हातांत काठ आलासुद्धा. पण वर येता येईना. प्लास्टिकवर शेवाळ धरलेले, हाताला धरायला काही नाही. गुडघा टेकला की घसरायचा. नखे रोवायचा प्रयत्न केला, तीही घसरली. चार-पाच वेळा चढलो, चार-पाच वेळा खाली आलो. मग दम लागला. डिसेंबरचे पाणी, अंगावर जीन्स, पायात बूट. मान वर काढून हात आपटीत राहिलो, तसतसे पाय जड होत गेले. किती वेळ झाला असेल? मला अर्धा तास वाटला. अण्णा म्हणतात, तीन मिनिटंसुद्धा नसतील.

अण्णांनी बागेतली ठिबकची नळी उपसून फेकली आणि ओरडले, ‘साहेब, ल्याटरल धरा, हात नका मारू!’ त्या सोळा एमएमच्या नळीने मी वर आलो.

गावात ही गोष्ट हसण्यावारी गेली. मी मात्र रात्री झोपलो नाही, कारण मला आमच्या कार्यालयातली कागदपत्रे माहीत होती. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकरी कुटुंबातल्या व्यक्तीचा अपघाती मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. पाण्यात बुडून झालेला मृत्यूही त्यात येतो. त्या प्रस्तावांची कागदे जुळवण्याचे काम आम्ही करतो. सातबारा, मृत्यूचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. ‘मयतास पोहता येत होते’ हे वाक्य जबाबात मी स्वतः वाचले आहे. तेव्हा ते वाचून पान उलटले होते.

२०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि आपल्या कोरडवाहू गावांत तळी झाली. चांगलेच झाले. तीस बाय तीसच्या तळ्यात जवळजवळ बावीस लाख लिटर पाणी बसते, त्यावर बाग तगते. पण विहीर आणि तळे यांतला फरक आपण ध्यानात घेतला नाही. विहिरीला पायऱ्या असतात, दगडाची खोबण असते, मोटरीचा पाइप असतो. अस्तराच्या तळ्यात धरायला काहीच नाही. तिथे पोहता येण्यापेक्षा किती वेळ तरंगता येते याला महत्त्व आहे. आणि आपले विहिरीतले पोहणे, स्पष्ट बोलतो, दोन मिनिटांचे असते. उडी, दहा हात, काठ. पुन्हा उडी.

म्हणून मार्चमध्ये तालुक्याच्या गावी तरणतलावात नाव घातले. सकाळी सहाची वेळ. माझ्या रांगेत सगळी आठ-दहा वर्षांची पोरे, आणि मधे मिशीवाला मी. शिकवणारे सर साठीचे. त्यांनी विचारले, ‘येतं का?’ सवयीने म्हणालो, ‘येतं.’ ते म्हणाले, ‘मग पलीकडे जाऊन दाखवा.’ पंचवीस मीटरची लांबी. मी फेस काढीत गेलो, बार धरला आणि तिथेच लटकलो. छाती भात्यासारखी. मागून एक चिमुरडी आली, बाराला हात लावला, वळली आणि गेली. जाताना म्हणाली, ‘काका, बाजूला व्हा.’

सर म्हणाले, ‘साहेब, तुम्ही पोहत नाही, पाण्याशी मारामारी करता. आणि पाणी दमत नसतं.’

पहिले दहा दिवस त्यांनी मला पोहू दिलेच नाही. कमरेइतक्या पाण्यात उभे राहायचे, तोंड पाण्यात घालायचे आणि नाका-तोंडाने हवा सोडायची. बुडबुडे काढायचे. मग तोंड वर, श्वास आत, पुन्हा खाली. माझ्यासारख्या पदविकाधारक सरकारी माणसाने बुडबुडे काढायचे! पण मंडळी, सगळी मेख इथेच आहे. आपण विहिरीत पोहताना श्वास कोंडून धरतो. दम लागतो तेव्हा वाटते की हवा कमी पडली. प्रत्यक्षात आतली वापरलेली हवा बाहेर गेलेली नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तोच आपल्याला धडपडायला लावतो. पाइपलाइनला एअर व्हॉल्व्ह का बसवतो आपण? आत अडकलेली हवा बाहेर पडल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही. छातीचेही तसेच आहे. डोके पाण्यात असताना सगळा श्वास सोडून द्यायचा, म्हणजे वर आल्यावर फक्त घ्यायचे काम उरते. मी दोन्ही कामे वर आल्यावर करायला बघायचो आणि दोन्ही अर्धवट व्हायची.

इथेच एक धोक्याची सूचना. पोरे पैज लावतात, बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो. त्याआधी भराभर खोल श्वास घेतात. असे केले की कार्बन डायऑक्साइड कमी होतो, वर येण्याची तळमळ उशिरा लागते, आणि त्याआधीच प्राणवायू संपून माणूस पाण्यात बेशुद्ध पडतो. गडबड नाही, आरडाओरडा नाही. काठावरच्यांना वाटते पोरगा जिंकतोय. ही पैज तुमच्या विहिरीवर लागत असेल तर आजच बंद करा.

दुसरी गोष्ट डोक्याची. आपण सगळे मान वर काढून पोहतो, कारण तोंडात पाणी जाईल ही भीती. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, ते तुम्हाला सांगायला नको. पाण्यात माणसाचेही तसेच होते. छातीत हवा असते म्हणून छाती तरंगते, पाय जड असतात. चार-पाच किलोचे डोके पाण्याबाहेर उचलून धरले की मागचा भाग खाली जातो, आणि मग आपण पाण्यातून आडवे न जाता तिरके, नांगरासारखे माती फोडीत जातो. सगळी ताकद त्यात संपते. सरांनी सांगितले, नजर तळाकडे ठेवा, मानेत ताठरपणा नको, छाती हलकी दाबा. मी तसे केले आणि पाय आपोआप वर आले. त्या क्षणी खरे सांगतो, आठव्या वर्षीपासून पहिल्यांदा मला पाण्याने उचलून धरल्यासारखे वाटले. काटक, हाडकुळ्या माणसाचे पाय जास्त लवकर बुडतात आणि अंगाने भरलेला माणूस सहज तरंगतो. तेव्हा पोट सुटलेल्या मंडळींनी, त्यात आमचे काही ग्रामसेवक मित्रही आले, उगीच लाजू नये. या एका कामात त्यांना निसर्गाने सवलत दिली आहे.

श्वास घ्यायला मान वर उचलायची नाही, कुशीवर वळायचे. एक डोळा पाण्यात, एक बाहेर. याला मला पाच आठवडे लागले. पाणी प्यालो, खोकलो, एकदा तर बाहेर येऊन बसलो आणि म्हटले, नाद सोडावा. माणूस मोठेपणी शिकतो तेव्हा अंगापेक्षा मन आडवे येते. पोराला बुडण्याची भीती ठाऊक नसते आणि हसे होण्याची तर नसतेच नसते. मला दोन्ही होत्या. तलावाच्या खोल बाजूला गेलो की तळे आठवायचे, हात भराभर पडायचे, श्वास चुकायचा. सरांनी त्यावर औषध दिले ते साधे होते. खोल बाजूला जाऊन उताणे पडायचे. कान पाण्यात, हनुवटी वर, हात पसरलेले, आणि शंभर आकडे मोजायचे. पोहायचेच नाही. पहिल्या दिवशी वीस झाले. पंधरा दिवसांत तीनशे. भीती गेली असे म्हणणार नाही, पण ती आली की काय करायचे ते अंगाला कळले.

हात-पायांचे थोडक्यात सांगतो. पाय गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे मारायचे नाहीत. मांडीतून हलवायचे, घोटा ढिला, पाऊल मागे ताणलेले. आपली पावले ढेकळांत चालून घट्ट झालेली, त्यामुळे हे जड जाते. रोज घरी टाचांवर बसून घोटे ताणा. हात पाण्यावर आपटायचा नाही. बोटे आधी आत घालायची, हात पुढे लांबवायचा, कोपर वर ठेवून पंजा आणि मनगटापासूनचा हात पाण्याला टेकवायचा आणि पाणी मागे ढकलायचे. मागे, खाली नव्हे. फावड्याने माती ओढताना आपण फावडे मातीवर थापटत बसतो का? तसे पाणी थापटले तर अंग वर उसळते, पुढे जात नाही.

आपण सुधारतो की नाही हे कसे कळावे? सरांनी सांगितले, हात मोजा. पंचवीस मीटरला माझे ३६ हात पडत. वेग वाढवायचा नाही, हात कमी करायचे. एप्रिलअखेर ३० झाले. मग तीन आठवडे आकडा हलेचना. रोज तीस. वैताग आला. एक दिवस सर म्हणाले, आज जेवढं सावकाश जाता येईल तेवढं जा. मुद्दाम आळस केला, तर २६ पडले! जोर लावला की काम जास्त होते ही आपली समजूत. जोमाने पाणी सोडले की रान भिजते असे वाटते, पण पाणी वरून वाहून जाते आणि मुळाशी ओल नसते. मी शेतकऱ्यांना हेच वर्षानुवर्षे सांगत आलो आणि स्वतः पाण्यात उलटे करत होतो.

जूनमध्ये पाऊस पडला, खरीप सुरू झाला, आमची धावपळ सुरू. बियाणे, खते, पंचनामे, पीकपाहणीच्या तक्रारी. दोन महिने तलावाचे तोंड पाहिले नाही. ऑगस्टमध्ये परत गेलो तर पुन्हा ३२ हात आणि पुन्हा तोच दम. वाईट वाटले. पण आठ दिवसांत पूर्वपदावर आलो. अंगात एकदा मुरलेले जात नाही, फक्त झोपी जाते. नोकरी आणि शेती सांभाळून शिकणाऱ्याने हे गृहीत धरावे. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास मिळाला तरी भागते. एका दिवशी दोन तास आणि मग महिनाभर सुट्टी, याचा उपयोग नाही.

उमेद हवी असेल तर आपल्याच मातीतले एक नाव सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. लष्करात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग निकामी झाले. पोहणे त्यांच्याकडे आले ते उपचार म्हणून, तरणेपणी, आणि पाय चालत नसताना. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये सुवर्णपदक मिळवले. वेळ ३७.३३ सेकंद. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. सरकारी कागद किती सावकाश चालतो त्यावर मी अधिक काही लिहीत नाही, मीही त्याच गाड्याचा बैल. महसूल खात्यातल्या मित्रांसाठी आणखी एक: २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहलेले कोल्हापूरचे विरधवल खाडे पुढे तहसीलदार झाले. तेव्हा वेळ मिळत नाही ही सबब तहसील कचेरीत तरी चालू नये.

माझे ध्येय एवढे मोठे नव्हते. न थांबता ४०० मीटर, म्हणजे तलावाच्या सोळा लांब्या. सप्टेंबरात एका सकाळी सुरू केले. चौथ्या लांबीला नेहमीसारखा दम दाटला. पूर्वी इथे थांबायचो. या वेळी थांबलो नाही, हातांची गती कमी केली आणि फक्त बुडबुड्यांकडे लक्ष दिले. सहाव्या लांबीनंतर श्वास बसला. बसला म्हणजे चालीला लागला, बैल वाटेला लागल्यावर लागतात तसा. सोळा झाल्या, विसावी झाली, तरी थांबावेसे वाटेना. नोव्हेंबरमध्ये एक किलोमीटर झाले, २९ मिनिटांत. ती चिमुरडी तेवढ्या वेळात दोनदा जाऊन आली असती, पण माझी शर्यत तिच्याशी नव्हती.

शेवटची परीक्षा बाकी होती. सरांच्या देखरेखीखाली पँट, शर्ट आणि बूट घालून खोल पाण्यात उतरलो. बूट पाण्यातच काढायला शिकलो, एक खोल श्वास, गुडघा वर, बूट सोडून द्यायचा, पुन्हा उताणे. वीस मिनिटे तरंगलो. तळ्यात मला हीच वीस मिनिटे हवी होती.

डिसेंबरात पुन्हा अण्णांकडे गेलो. त्यांनी चारही बाजूंना लोखंडी अँगल रोवून त्यांना गाठी मारलेला जाड नायलॉनचा दोर बांधला आहे, दर हातावर एक गाठ. दोराच्या टोकाला जुना टायर. काठावर पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावलेला, आत चार बोटे पाणी म्हणजे फेकताना लांब जातो, आणि त्याला पंधरा मीटर दोरी. खर्च फारसा नाही, निम्मे सामान गोठ्यातलेच. तारेचे कुंपण आहे, पण फाटक नेहमी उघडे असते, ते मी त्यांना सांगितले आणि इथेही लिहितो आहे, म्हणजे ते वाचतील. ग्रामपंचायतीच्या मंडळींनी आपल्या शिवारातली तळी एकदा फिरून पाहावीत. दोर नसेल तिथे दोर बांधून घ्यावा, त्यासाठी ठरावाचीही गरज नाही.

आणि कोणी बुडताना दिसले तर आधी उडी टाकू नका. चांगला पोहणाराही बुडणाऱ्याच्या मिठीत जातो. आधी दोर, काठी, नळी, धोतर, लुगडे, जे हाताला लागेल ते फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढणे, उलटे टांगणे यात वेळ घालवू नका. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्या आणि छातीच्या मधोमध दाब द्या, तीस दाब, दोन श्वास, मदत येईपर्यंत. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. ग्रामीण रुग्णालयात सांगितले तर हे गावात येऊन शिकवतात, आम्ही एकदा बोलावले होते. विहिरीत उतरण्याआधी मोटरीचा मेन स्विच बंद करा, हे सांगायची वेळ येऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा दिवस ठरवला. आपल्याकडे २५ जुलैला तळी भरत असतात.

त्या दिवशी अण्णांच्या तळ्यात मी कपड्यांसह उतरलो. कमरेला दोर, दुसरे टोक अण्णांच्या हातात. उताणा पडलो. अण्णा घड्याळ बघत होते, दहा मिनिटांनी कंटाळून म्हणाले, ‘साहेब, चहा गार होतोय.’ वर आलो तेव्हा अण्णांची सून काठावर उभी होती, हातात बादली. ती रोज या पाण्यावर येते. बागेला औषध कालवायला पाणी इथूनच नेते. तिने विचारले, ‘भाऊजी, बायकांना शिकवतात का तिथं?’

मी तिच्याकडे बघत राहिलो. गावातल्या पुरुषांना निदान दोन मिनिटांचे तरी पोहणे येते. बायकांना भोपळा कोणी बांधला होता?

तलावावर चौकशी केली. सकाळी दहा ते अकरा महिलांची वेळ आहे, शिकवायला बाईच आहेत, पण खेड्यातून त्या वेळेला जायला एसटी नाही. म्हणून दुसरा मार्ग काढला. गावाजवळच्या एका बागायतदारांच्या विहिरीला रुंद पायऱ्या आहेत. पहिल्या चार पायऱ्यांवर कमरेइतके पाणी असते. तलावावरच्या बाई दर रविवारी यायला तयार झाल्या. बागायतदारांनी सकाळी मोटर बंद ठेवायचे कबूल केले आणि त्या वेळी मळ्यात पुरुषांना बंदी. आतापर्यंत सहा जणींची नावे आली आहेत, त्यात अण्णांची सून आहे, एक अंगणवाडी सेविका आहे आणि अण्णांच्या बायकोही आहेत, वय ५८. पहिले चार रविवार फक्त बुडबुडे. ट्रॅक्टरच्या दोन ट्यूब मिळाल्या, दोर अण्णांनी दिला. भोपळा मात्र सगळ्या बाजारात शोधूनही मिळाला नाही. कोणाच्या मांडवावर मोठा वाळलेला भोपळा असेल तर कळवा.